गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा: माडवाल्यांना नेहमी पडणारे प्रश्न

डिचोलीकडे आमचं छोटंसं भाट म्हणजे माडांची बाग आहे, चाळीसेक माड, थोड्या पोफळी, घरामागे गोठा आणि गोठ्याला लागून गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा. पाऊस सुरू झाला की ओळखीतले लोक मोबाईलवर फोटो पाठवायला लागतात, ताई माडाला भुंगा लागलाय काय मारू सांग. फोटोत कधी एक भुंगा असतो, कधी दुसरा, कधी भुंगाच नसतो नुसतं कातरलेलं झावळ असतं. भुंगा म्हणजे भुंगा असं धरून दुकानात मिळेल ते औषध आणून ओततात आणि माड तिथेच हातचा जातो, कारण हे दोन भुंगे सारख्या माडावर दिसले तरी दोघांची राहणी अगदी वेगळी आहे. एकाची पोरं शेणखतात वाढतात, दुसऱ्याची माडाच्या पोटात. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

समोर भुंगा आहे, कुठला ते पटकन कसं ओळखू?

तोंडाकडे बघा. डोक्यावर मागे वळलेलं एक शिंग असेल तर गेंड्या. तोंड पुढे लांब होऊन खाली वाकलेलं असेल, हत्तीच्या सोंडेसारखं, तर सोंड्या. रंगही वेगळा, गेंड्या काळाकुट्ट चकचकीत, पोटाकडून थोडा लालसर, अंगानं जाडजूड, साडेतीन ते पाच सेंटिमीटर भरतो. सोंड्या विटकरी लाल, पाठीवर मानेच्या भागात काळे ठिपके, लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि अंग चपटं निमुळतं. गेंड्याच्या पुढच्या पायांना करवतीसारखे दाते असतात, त्यानं तो कोंब उकरत आत शिरतो, हातात घट्ट धरला तर त्या पायांचा जोर बोटांना चांगलाच जाणवतो आणि कधी कधी तो चिरचिर आवाजही करतो.

शास्त्रीय नावं पाहिजे असतील तर गेंड्या म्हणजे ओरिक्टिस रायनोसेरॉस, हे नाव लिनियसनं १७५८ साली दिलेल्या वर्णनातून आलेलं, आणि सोंड्या म्हणजे रिंकोफोरस फेरुजिनियस, याचं वर्णन ऑलिव्हिएनं १७९० मध्ये केलं. गेंड्या शेणकिड्यांच्या कुळातला, सोंड्या आपल्या तांदळात होणाऱ्या सोंडकिड्याचा लांबचा नातेवाईक. तांदूळ निवडताना जो बारीक सोंडवाला किडा दिसतो ना, तोच दहा पटीनं मोठा झालाय असं समजा, चेहरा तसाच.

शिंग छोटं आहे म्हणजे तो गेंड्या नाही का?

गेंड्याच आहे, बहुतेक मादी असेल. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, पण काही नरांचंही शिंग छोटं राहतं म्हणून नुसत्या शिंगावर जाऊ नका, उलटा करून शेपटाकडे बघा, मादीला तिथे तपकिरी केसांचा दाट झुबका असतो. सोंड्यात उलटं, तिथे केस नराला आणि तेही सोंडेवर, वरच्या बाजूला बारीक ब्रशसारखे. मादीची सोंड गुळगुळीत, जरा जास्त लांब आणि बारीक. भिंग नसलं तरी मोबाईलवर फोटो मोठा करून सहज दिसतं.

झावळ पंख्यासारखं कापलेलं आहे, कात्रीनं कातरल्यासारखं. हे कोणाचं काम?

गेंड्याचं, दुसऱ्या कोणाचं नाहीच. माडाच्या शेंड्यात मधोमध जो न उमललेला कोंब असतो, त्यात सगळी पानं घडी घालून ठेवलेल्या जपानी पंख्यासारखी असतात. गेंड्या रात्री येतो, देठाच्या बेचक्यातून आत भोक पाडतो आणि कोवळा गाभा चावून रस पितो, चोथा मागे ढकलतो. आता घडी घातलेल्या कागदाला एका ठिकाणी कात्री लावली आणि मग घडी उलगडली तर काय दिसेल, दोन्ही बाजूला सारख्या त्रिकोणी खाचा, तेच इथे होतं. मी आमच्या मुलीला वर्तमानपत्राचा कागद घडी घालून कापून दाखवला तेव्हा तिला एका मिनिटात समजलं.

पण एक लक्षात घ्या, ते पान उमलून आपल्याला दिसेपर्यंत बरेच आठवडे गेलेले असतात, म्हणजे आज दिसणारी खाच हा मागचा हल्ला. भुंगा त्या भोकात आता नसेलही. आज आत कोणी आहे का हे बघायचं तर कोंबाच्या बुडाशी ओला, ताजा चोथा बाहेर आलाय का ते बघायला पाहिजे. पोयीलाही, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यालाही, तो भोक पाडतो, मग ती पोय उमलायच्या आधीच सुकते आणि तेवढे नारळ गेले.

मग सोंड्याची खूण काय?

हाच तर त्रास आहे, सोंड्याची खूण उशिरा दिसते. त्याचा भुंगा स्वतः माडाचं फारसं काही बिघडवत नाही, बिघडवते ती अळी. मादी माडाला कुठे जखम असेल ती शोधते, मऊ जागी सोंडेनं भोक पाडून एकेक अंडं घालते, आयुष्यात दोनशे-तीनशे अंडी सहज. अळी निघते ती थेट आत, बिनपायांची, पिवळट पांढरी, मध्ये फुगलेली, डोकं कडक तपकिरी, आणि ती बुंध्याच्या आत बोगदे करत खात सुटते. बाहेरून माड हिरवागार. अगदी खाली तीन-चार फुटांवर बारीक भोकं दिसली, त्यातून तांबूस तपकिरी चिकट पाणी ओघळलं, भोकाशी चावलेला काथ्या दिसला तर समजायचं. आतली पानं पिवळी पडून लटकायला लागली म्हणजे बरंच पुढे गेलंय, आणि शेवटी एखाद्या वाऱ्यात शेंडाच कलंडतो.

आमचा एक बाणावली जातीचा कवाथा, म्हणजे कोवळा माड, गेला तो असाच, सात-आठ वर्षांचा, पहिली पोय नुकतीच आली होती. सासऱ्यांनी हातानं लावलेला. श्रावणात झावळं थोडी फिकट वाटत होती, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून मी मीठ आणि शेणखत घातलं. एका दुपारी पाडेली नारळ पाडायला आला होता, तो खोडाला कान लावून उभा राहिला आणि मला हाक मारली, "वयनी, हांगा आयक." मीपण कान लावला. आतून करकर, करकर, कोणीतरी सुकी चटई हळू हळू कुरतडतंय असा आवाज, मध्येच थांबायचा आणि परत सुरू. तो आवाज एकदा ऐकलात की विसरत नाही. त्यानं कोयतीचं टोक घालून बघितलं, वास आला आंबलेला, माडीसारखा पण घाणेरडा, आणि तो म्हणाला, "वयनी, गाबो कुसलो," म्हणजे आतला गाभा कुजला. कापल्यावर आत वेगवेगळ्या वयाच्या अळ्या निघाल्या आणि काथ्याच्या दोरीनं विणल्यासारखे अंगठ्याएवढे कोश. ते कोश अळी माडाचेच धागे गोल गोल गुंडाळून करते, इतकं नीटस काम की हातात धरून मी बराच वेळ बघत राहिले, राग येत होता तरी.

आधी गेंड्या येतो मग सोंड्या, हे खरं का?

बऱ्याचदा खरं. सोंड्याला जखम पाहिजे, ताज्या जखमेतून जो आंबूस वास सुटतो त्यावर तो येतो, आणि गेंड्यानं कोंबाशी पाडलेलं भोक ही त्याच्यासाठी तयार जागा. म्हणून ज्या भाटात गेंड्या जास्त तिथे सोंड्याची भीती जास्त. पण सगळा दोष गेंड्यावर टाकू नका, जखमा आपणही करतो. हिरवी झावळं खोडाला चिकटवून कापायची सवय, चढायला खोडात पाडलेल्या खाचा, गवत कापायच्या मशीनचा बुडाशी लागलेला घाव, बांधकामात ट्रकनं घासलेलं खोड. गोव्यात सूर म्हणजे माडी काढायच्या माडांना ती काढणारे रेंदेर पायरीसारख्या खाचा पाडतात, तो त्यांचा धंदाच आहे, पण पाच ते वीस वर्षांच्या माडाला विनाकारण खाच पाडू नये, याच वयाच्या माडाला सोंड्या सगळ्यात जास्त लागतो.

दोघांत जास्त वाईट कोण?

एका माडाचा विचार केला तर सोंड्या, कारण तो लागला आणि कळलं नाही तर सहा-आठ महिन्यांत माड संपतो. गेंड्या मोठ्या माडाला सहसा मारत नाही, पानं कमी होतात, पोय जाते, नारळ घटतात. पण एक-दोन वर्षांच्या रोपाला गेंड्यानं बुडाशी भोक पाडलं तर ते रोप तिथेच मरतं, तेव्हा ज्यांनी नवीन लागवड केलीय त्यांनी गेंड्यालाही हलकं समजू नये. माझं मत विचाराल तर वेळ आणि पैसे कमी असतील तर आधी गेंड्याची गायरी सांभाळा आणि माडाला जखमा करणं थांबवा, सोंड्या अर्धा तिथेच अडतो.

शेणखतात मोठ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, सगळ्या गेंड्याच्याच ना, मारून टाकू?

थांबा, एक मिनिट बघा. गेंड्याची मादी अंडी घालते ती कुजणाऱ्या गोष्टीत, शेणखताचा खड्डा, पालापाचोळ्याचा ढीग, कुजलेला माडाचा ओंडका, काथ्याचा भुसा. अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, मळकट पांढरी, डोकं तपकिरी, पुढे तीन जोड्या पाय, मोठी झाली की सरळ केली तर सहा ते दहा सेंटिमीटर भरते. ही अळी माडाला हात लावत नाही, शेणच खाते, आणि त्रास देतो तो तिचा भुंगा. म्हणजे सोंड्याच्या बरोबर उलटं.

पण त्याच ढिगात फुलभुंग्यांच्याही अळ्या असतात, त्या निरुपद्रवी आणि खत कुजवायला मदत करतात. ओळखायची सोपी युक्ती आहे, अळी सपाट फरशीवर ठेवा, फुलभुंग्याची अळी पाठीवर उलटी होऊन सरपटत पळते, पाय वर. गेंड्याची तशी चालत नाही, कुशीवर पडून राहते. तिसरी ती हुमणी, ती जमिनीत मुळं खाते, तिचा उपाय वेगळा. आमच्या गायरीतून मी उन्हाळ्यात खत उपसते तेव्हा कोंबड्या सोबत घेऊनच जाते, गेंड्याच्या अळ्या वेचून त्यांच्यापुढे टाकायच्या, दहा मिनिटांत फडशा.

दोघांचं आयुष्य किती?

गेंड्याचं निवांत चालतं. अंडं फुटायला आठ ते बारा दिवस, अळी तीन महिने ते कधी सहा महिनेसुद्धा, कोश तीन-चार आठवडे, आणि भुंगा पुढे चार ते नऊ महिने जगतो. सोंड्याचं सगळं घाईत, अंडं दोन ते पाच दिवसांत फुटतं, अळी एक ते तीन महिने, कोश दोन-तीन आठवडे, भुंगा दोन-तीन महिने. शिवाय सोंड्याच्या एकाच माडात एकामागून एक पिढ्या वाढू शकतात, बाहेर पडायची गरजच नाही, म्हणून कापलेल्या माडात सगळ्या वयाच्या अळ्या एकदम दिसतात.

गेंड्यासाठी घरच्या घरी काय करता येतं?

बरंच काही, आणि बहुतेक स्वस्तात. पावसाच्या आधी आणि पावसानंतर शेंडा साफ करून घ्या. पाडेलीकडे लोखंडी आकडा असतो, टोकाला गळासारखा वाकवलेला, तो भोकात घालून भुंगा ओढून काढायचा, भोक बुजवायचं. ही जुनी पद्धत आहे आणि अजून तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही, फक्त माणूस मिळायला पाहिजे, आणि आता पाडेली मिळणं किती कठीण झालंय ते गोव्यात कोणाला सांगायला नको. जो येतो त्याला नारळ पाडायच्या पैशांवर वर थोडे देऊन शेंडा बघून घ्यायला सांगा, ते पैसे वसूल होतात.

साफ केल्यावर वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून घाला, मोठ्या माडाला पाव किलो पेंड आणि तेवढीच वाळू, वर्षातून तीनदा, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या आसपास. लहान रोपांना डांबराच्या गोळ्या चालतात, तीन-चार गोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू, दर दीड महिन्यानं नवीन. वाळू का, तर ती भुंग्याच्या सांध्यात जाते आणि गोळ्यांचा वासही टिकतो. कवाथ्यांना मासे पकडायचं जुनं बारीक जाळं बेचक्यात गुंडाळून ठेवणारेही आहेत, भुंगा त्यात अडकतो, किनाऱ्यावर जाळ्याचे तुकडे फुकट मिळतात तेव्हा करून बघायला हरकत नाही.

एरंडीच्या पेंडीचा सापळाही जुनाच. मातीच्या मडक्यात किलोभर पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून भाटात ठेवायची, तिच्या वासाला भुंगे येऊन बुडतात. वास मात्र घरापर्यंत येतो, मडकं वाऱ्याच्या दिशेनं लांब ठेवा.

गायरीत हिरवी बुरशी टाकतात म्हणे, ती काय?

मेटारायझियम नावाची बुरशी, ती अळीच्या अंगावर वाढते, अळी मरते आणि तिच्यावर हिरवट पावडर चढल्यासारखी दिसते. ओलावा पाहिजे, म्हणून पावसाळ्यात गायरीत मिसळली तर छान काम करते. गुरांना, माणसांना, गांडुळांना तिचा त्रास नाही. काही मेलेल्या हिरव्या अळ्या दिसल्या तर फेकू नका, तशाच खतात राहू द्या, तिथून ती पसरत जाते.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे विषाणू. गेंड्या १९०९ साली श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआत पोचला आणि तिथल्या माडांचं वाटोळं झालं, बेटांवरच्या लोकांचं सगळं माडावरच चालतं, आपल्यापेक्षाही जास्त. मग १९६३ मध्ये आलॉइस ह्युगर नावाच्या शास्त्रज्ञाला मलेशियात आजारी अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला, तो १९६७ मध्ये सामोआत सोडला आणि भुंगे खूप कमी झाले. भुंगा स्वतःच तो विषाणू एका खतातून दुसऱ्या खतात नेतो. आपल्याकडे लक्षद्वीपमध्येही तो वापरलाय. मात्र २००७ मध्ये पॅसिफिकमधल्याच ग्वाम बेटावर जो गेंड्या पोचला त्याच्यावर हा विषाणू नीट चालला नाही, म्हणजे एकाच जातीतही फरक पडतात.

सोंड्या लागलाय हे लवकर कळलं तर माड वाचतो का?

वाचतो, पण लवकर म्हणजे खरंच लवकर. भोकं दोन-तीन असतील, शेंडा ताठ असेल, तर सगळ्यात वरचं भोक सोडून बाकीची चिखलानं किंवा सिमेंटनं बुजवतात आणि वरच्या भोकातून औषध आत सोडून तेही बंद करतात. कुठलं औषध आणि किती ते मी इथे लिहीत नाही, कारण शिफारशी बदलत राहतात, काही औषधं बंदही झालीत, आणि नारळ आपल्याच पोटात जातो. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा किंवा जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा, फोटो आणि माडाचं वय सोबत घेऊन. आणि औषध द्यायच्या आधी तयार नारळ, आडसरं म्हणजे शहाळी, सगळी उतरवून घ्या, नंतर किती दिवस काही काढायचं नाही तेही विचारून घ्या. एका दुकानात मला पाण्यात कालवून शेंड्यावर शिंपडायचं पावडर दिलं होतं, माझ्या माडातल्या अळ्या होत्या खोडाच्या आत हातभर खोल, त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसं? पंधरा दिवस त्यात गेले आणि माड गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

कामगंध सापळा लावू का?

सापळ्यात ठेवायचे ल्युअर, म्हणजे वासाचं आमिष, दोघांसाठी वेगळे मिळतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, विकत घेताना भुंग्याचं नाव सांगून घ्या. नाव कामगंध असलं तरी खरं तर नर गंध सोडतो आणि त्यावर नर-मादी दोघंही येतात, इथे खायला आहे, या असं बोलावणं असतं ते. सोंड्याचा गंध शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये शोधून काढला.

सोंड्याच्या बकेटला बाहेरून गोणपाट गुंडाळा कारण तो चढून आत जातो, गुळगुळीत प्लास्टिकवर घसरतो. आत पाणी आणि आंबणारं काहीतरी, उसाचे तुकडे, केळं, आपल्याकडे सूर मिळत असेल तर तीच, ल्युअरसोबत आंबूस वास असला की जास्त येतात. पाणी आटू द्यायचं नाही, आठवड्यानं बदलायचं. आणि सापळा कवाथ्यांच्या मध्ये मुळीच लावू नका, भाटाच्या कडेला लावा, कारण वासानं आलेले सगळेच बकेटमध्ये पडत नाहीत, काही शेजारच्या माडावर बसतात. एकट्यानं लावून शेजाऱ्यानं काहीच न करणं यात अर्धा फायदा जातो, वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून लावले तर बरं.

पावसात मधला कोंब ओढला की हातात येतो, हा भुंगाच का?

बहुतेक कोंब कुजणे, बुरशीसारखा रोग आहे, जोरदार पावसात होतो, कोंब पिवळा पडतो आणि बुडाला घाण वास येतो. गेंड्याच्या भोकातून पाणी शिरून हा रोग मागून येऊ शकतो म्हणून गल्लत होते. भोक आणि चोथा नसेल तर भुंग्याचं औषध मारून काही होणार नाही.

चावतात का? मुलं खेळतात त्यांच्याशी.

दोघांनाही विष नाही, नांगी नाही. गेंड्याचं शिंग टोचायला नाही, नर एकमेकांना ढकलायला वापरतात. पडवीतल्या ट्यूबलाईटवर पावसाळ्यात धाडकन येऊन आपटणारा काळा भुंगा हाच असतो, खाली उलटा पडून पाय हलवत राहतो. मुलांना बघू द्या, मग पकडून साबणाच्या पाण्यात टाका, कारण तो उजेडाला आला म्हणजे जवळपास कुठेतरी गायरी आहे. शिंगाला पुढे दोन फाटे फुटलेला, याहून दिमाखदार भुंगा पश्चिम घाटात दिसतो तो मात्र वेगळा, त्याला सोडून द्या.

गल्फमध्ये खजुराला लागतो तो हाच का?

हो, सोंड्याच. आमच्या वाड्यावरचे दुबईला असलेले लोक मागे सुट्टीला आले तेव्हा आमच्या कापलेल्या माडातला भुंगा बघून लगेच म्हणाले, हा तर तिकडे खजुराच्या बागेत असतो. मूळचा आपल्या भागातला, दक्षिण आणि आग्नेय आशियातला, भारतात माडावरचा कीडा म्हणून १९०६ पासून नोंद आहे. ऐंशीच्या दशकात आखातात पोचला, १९९२ च्या सुमाराला इजिप्तमध्ये, मग स्पेन, इटली, फ्रान्स, झाडं ट्रकात आणि बोटीत घालून इकडून तिकडे नेली त्यासोबत अळ्या गेल्या. म्हणून आपणही बाहेरून मोठे तयार शोभेचे पाम आणून अंगणात लावताना बुंधा नीट तपासावा.

याच्या अळ्या लोक खातात म्हणे?

खातात. मलेशियातल्या सारावाकमध्ये, इंडोनेशियात, पापुआत सोंड्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या अळ्या साबुदाण्याच्या पामातून काढून भाजून खातात, त्यांच्याकडे सणावाराचं खाणं आहे ते. आपल्याकडे नाही खात, आणि औषध मारलेल्या माडातली तर कोंबड्यांनाही घालू नका.

मेलेल्या माडाचं काय करू? तसाच राहिला तर काय होतं?

तोडायच्या आधी विचारून घ्या, कारण गोव्यात माड तोडायला परवानगीचा प्रश्न येतो. २०१६ मध्ये कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड काढला होता, लोक खूप चिडले आणि २०१७ मध्ये माड परत त्या व्याख्येत घेतला. रोग लागून मेलेला आहे म्हणून सांगितलं की अर्ज पुढे सरकतो, फोटो काढून ठेवा.

पण तसाच उभा ठेवू नका, आडवा पाडूनही तसाच ठेवू नका, कारण इथे दोघे भुंगे एकत्र येतात. सोंड्यानं मारलेल्या माडात त्याच्या अळ्या आणि कोश अजून जिवंत असतात, ते भुंगे होऊन बाजूच्या माडाकडे जातात, आणि तोच ओंडका कुजायला लागला की वर्षभरात गेंड्याची मादी त्यात अंडी घालते. आम्ही आमच्या त्या कवाथ्याचा बुंधा हातभर लांबीचे तुकडे करून उभा चिरला, आतले कोश आणि अळ्या वेचून काढल्या, चिरलेल्या फाळ्या चार दिवस कडक उन्हात घातल्या आणि मग चुलीच्या मागे रचून तांदूळ उकडायला वापरल्या. खाली राहिलेला खुंट सगळ्यात शेवटी विसरला जातो, त्याच्या ताज्या कापावरही सोंड्या येतो, म्हणून तो मुळासकट उपटणं जमत नसेल तर कुऱ्हाडीनं फोडून त्यावर सुका पाला घालून जाळा, आणि पहिल्या पावसाआधी तिथली माती एकदा उकरून बघा.